वृत्त, छंद, अलंकार: कवितेतली तंत्रं ओळखायची रीत

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची

या दोन ओळी बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या असतात. कोणत्या कवीचं काय नावाजलं गेलं हे त्या सांगतात, म्हणून त्या पाठ होतात. पण मराठी पद्याचे तिन्ही मुख्य प्रकारही त्यांत आले आहेत. वामनपंडितांचा श्लोक अक्षरगणवृत्तातला, मोरोपंतांची आर्या मात्रावृत्तातली, तुकोबांचा अभंग आणि ज्ञानेश्वरांची ओवी अक्षरछंदातली. हे तीन प्रकार वेगळे ठरतात ते मोजणीवरून. श्लोकात लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा, क्रम ठरलेला असतो, आर्येत मात्रांची, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाच्या मापांची, बेरीज, अभंगात नुसती अक्षरांची संख्या. म्हणून वृत्तांच्या नावांची यादी पाठ करण्याआधी मोजायला शिकावं. मोजता आलं की नाव पुस्तकात शोधता येतं. नुसतं नाव पाठ असेल तर समोरच्या ओळीचं काय करायचं ते कळत नाही.

पहिलं काम अक्षरं मोजणं. अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याला चिकटलेली व्यंजनं. ‘ध्यान’ दोन अक्षरांचं, ‘प्रसिद्ध’ तीन अक्षरांचं. जोडाक्षर सुटं करून दोन मोजणं ही नवशिक्याची नेहमीची चूक. दुसरी चूक बोलण्याच्या सवयीतून येते. आपण ‘घर’, ‘कर’ असे शब्द शेवटचा अ गिळून उच्चारतो, पण पद्यात तो अ पुरा धरतात. ‘कर’ म्हणजे दोन अक्षरं, दोन मात्रा.

मग प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीनं ल किंवा गा लिहा. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरू, त्याच्या दोन मात्रा. अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार किंवा पुढे विसर्ग असेल तर तेही गुरू. लघु अक्षरापुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागे बसला, तर ते लघु अक्षर गुरू होतं: ‘सज्जन’मधला स, ‘भक्ती’मधला भ. चरणाचं अगदी शेवटचं अक्षर लघु असलं तरी ते लांबवून म्हणतात, म्हणून गुरू धरायची मुभा आहे.

आघाताची अट विसरलात तर मोजणी हमखास फसते. ‘पुन्हा’, ‘तुझ्या’, ‘कुऱ्हाड’ यांत पुढे जोडाक्षर दिसतं, पण मागच्या अक्षरावर जोर येत नाही. पु, तु, कु लघुच राहतात. डोळ्यांवर विसंबू नका, शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. जुन्या छापील पुस्तकांतल्या अनुस्वारांचंही तेच. ‘हंसणें’ असं छापलेलं असलं तरी ह वरचा अनुस्वार उच्चारात नाही, तेव्हा तो ह लघुच.

लघु-गुरूंचा क्रम

समर्थांच्या मनाच्या श्लोकांतली एक ओळ घ्या: मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. खुणा अशा पडतात: म ल, ना गा, स गा, ज्ज ल, ना गा, भ गा, क्ति ल, पं गा, थे गा, चि ल, जा गा, वे गा. तीन-तीन अक्षरांचे गट, म्हणजे गण, पाडले की लगागा हा एकच गट चार वेळा मिळतो. लगागा म्हणजे य गण, आणि चार य गणांचं 12 अक्षरी वृत्त ते भुजंगप्रयात.

गण आठ. ते लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ हे एकच सूत्र पुरतं. ज्या गणाची मांडणी हवी त्याच्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजायची. य साठी यमाता, म्हणजे लगागा. र साठी राजभा, म्हणजे गालगा. स साठी सलगा, म्हणजे ललगा. तिनाचे गट पाडून शेवटी एकदोन अक्षरं उरली तर ती ल किंवा ग म्हणून सुटी मांडतात. वसंततिलका 14 अक्षरांचं, त भ ज ज ग ग. मंदाक्रांता 17 अक्षरांचं, म भ न त त ग ग. शार्दूलविक्रीडित 19 अक्षरांचं, म स ज स त त ग. मराठीतली पुष्कळ सुनीतं, म्हणजे 14 ओळींच्या कविता, याच वृत्तात आहेत.

मोठ्या वृत्तात ओळीच्या मध्ये थांबा असतो, त्याला यती म्हणतात. मोरोपंतांच्या केकावलीतल्या या ओळी पाहा:

सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो
कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो

हे पृथ्वी वृत्त, 17 अक्षरांचं: लगाल ललगा लगाल ललगा लगागा लगा. यती आठव्या अक्षरावर, आणि मोरोपंतांनी तिथेही यमक साधलं आहे. आता आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे पहिला शब्द ‘सुसंगती’ लिहून खुणा करा. चौथं अक्षर गुरू होतं आणि वृत्त मोडतं. ‘मतिचा’चं ‘मतीचा’ केलं तरी तेच. छापणाऱ्यानं भाबडेपणानं शब्द ‘सुधारले’ की मोजणाऱ्याला वाटतं आपलीच मोजणी चुकली. एकाच जागी हिशोब अडत असेल तर आधी त्या शब्दाचं ह्रस्व-दीर्घ तपासा. वृत्तासाठी ह्रस्व-दीर्घात सूट घ्यायला मराठी लेखनाचे नियमही कवीला परवानगी देतात.

मात्रांची बेरीज

आता अगदी सुरुवातीच्या दोन ओळी मोजून बघू. सुश्लोक वामनाचा: सु (पुढे श्लो असल्यामुळे) 2, श्लो 2, क 1, वा 2, म 1, ना 2, चा 2. बेरीज 12. ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ची बेरीज 18 येते. ‘ओवी ज्ञानेशाची’ पुन्हा 12, ‘किंवा आर्या मयूरपंताची’ पुन्हा 18. पहिल्या चरणात अक्षरं सात, तिसऱ्यात सहा. अक्षरं जुळत नाहीत पण मात्रा जुळतात. मात्रावृत्ताची ओळख हीच. आर्येचं थेट स्तुतिपद्य आर्येतच रचलेलं आहे! काटेकोर बोलायचं तर मूळ संस्कृत आर्येच्या चौथ्या चरणात 15 मात्रा असतात. 12-18-12-18 या मापाला गीती म्हणतात. मराठीत मोरोपंतांची म्हणून जी आर्या ओळखली जाते ती ही गीतीच.

नुसती अक्षरं

मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4 अशी चार चरणांची मांडणी असते आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळतं. सुंदर ते ध्यान (6), उभे विटेवरी (6), कर कटावरी (6), ठेवोनिया (4). इथे लघु-गुरू कसेही येवोत. छापताना दोन ओळींत मांडतात, त्यामुळे ‘विटेवरी’चं यमक दुसऱ्या ओळीच्या मध्ये लपतं आणि वाचणारा ओळींच्या टोकाला यमक शोधत बसतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण: जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले. मात्र छंदाचं माप गाण्याच्या ओघात थोडं ताणतं, आखडतं. ‘लहानपण देगा देवा’ मोजलं तर नऊ अक्षरं भरतात. ‘लहान’ बोलताना ‘ल्हान’ असा आखडतो आणि ओळ आठात बसते. एखाद्या चरणात एक अक्षर कमीजास्त दिसलं म्हणून अभंग नाकारू नका, सगळ्या कडव्यांचा कल पाहा.

ज्ञानेश्वरीतली ओवी याहून मोकळी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि यमकाविना: आता विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें, पसायदान हें. अक्षरं 8, 8, 7, 6.

समोरची कविता कोणत्या प्रकारची हे ठरवायला निदान चार चरण मोजावेत. अक्षरं सारखी आणि ल-गांचा क्रमही सारखा असेल तर अक्षरगणवृत्त. अक्षरं वेगळी पण मात्रांचा हिशोब जुळतो, तर मात्रावृत्त. अक्षरं जवळपास सारखी, क्रम मोकळा, तर छंद. एकाच ओळीवरून निकाल देऊ नये; एखादी ओळ योगायोगानं दोन्हीकडे बसते.

अलंकार

शब्दालंकार कानाला कळतात. एकच व्यंजन पुन्हापुन्हा येऊन नाद झाला तर अनुप्रास. तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थानं पुन्हा आला तर यमक: पाणी ओंजळीनं प्याला, घरात नव्हता प्याला. एकदाच आलेल्या शब्दाचे दोन अर्थ निघाले तर श्लेष. ‘मित्राचा उदय’ म्हणताना मित्र म्हणजे सखा आणि सूर्यही. पडताळा सोपा आहे. श्लेषातल्या शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घाला, अलंकार नाहीसा होतो.

अर्थालंकारांत गोंधळ होतो तो उदाहरणं निरनिराळ्या विषयांवरची पाठ केल्यामुळे. एकच जोडी सगळीकडे फिरवून पाहा. उपमेय म्हणजे ज्याचं वर्णन चाललं आहे ते, इथे घाटातली वाट. उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना ते, इथे नागीण.

‘वाट नागिणीसारखी वळत जाते’ ही उपमा. उपमेय, उपमान, ‘सारखी’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द आणि ‘वळत जाणं’ हा समान धर्म, चारही इथे आहेत. ‘वाट म्हणजे जणू नागीणच’ ही उत्प्रेक्षा. ‘वाटेची नागीण डोंगराला वेढून बसली’ हे रूपक. दोघी एकरूप, तुलनेचा शब्दच गळाला. ‘ही वाट नव्हे, नागीण आहे’ ही अपन्हुती, कारण उपमेय नाकारलं. ‘नागिणीनं या वाटेकडून वळणं शिकावीत’ हा व्यतिरेक, उपमेय वरचढ ठरलं. ‘या वाटेसारखी हीच वाट’ हा अनन्वय. ‘ही वाट की नागीण?’ हा ससंदेह. आणि ‘नागीण समजून बैल बुजले, मागे सरले’ हा भ्रांतिमान. शेवटच्या दोहोंत नेहमी गल्लत होते. ससंदेहात मन दोन्हींमध्ये अडकलेलं असतं; भ्रांतिमानात भ्रम पक्का होऊन त्याप्रमाणे कृतीही घडते.

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांचीही अशीच गल्लत होते. एका गोष्टीला दुसऱ्या विशिष्ट गोष्टीचा दाखला दिला तर दृष्टांत: ‘लहानपण देगा देवा’ला मुंगी आणि ऐरावत यांचे दाखले आहेत. विशेष गोष्टीवरून सर्वांना लागू पडणारा सिद्धान्त मांडला, किंवा सिद्धान्ताला विशेष उदाहरण दिलं, तर अर्थांतरन्यास.

रस ओळखताना विषयावर जाऊ नका. रणांगण दिसलं म्हणून वीररस असं नाही. कवितेत टिकून राहिलेली भावना, म्हणजे स्थायीभाव, शोक असेल तर तो करुण. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, रौद्राचा क्रोध.

गझल

गझलेची परिभाषा वेगळी आहे. समजण्यापुरते हे दोन शेर, म्हणजे दोन-दोन ओळींच्या जोड्या, घ्या:

सावलीचा केवढा आधार होता
एकटा वेशीपुढे तो पार होता

पावसाने मोडली त्याचीच फांदी
ज्या ठिकाणी पाखरांचा भार होता

मापन गालगागा तीनदा. या वृत्ताला मंजुघोषा म्हणतात. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळी यमकात आहेत, म्हणून तो मतला. जसाच्या तसा पुन्हा येणारा ‘होता’ हा रदीफ. त्याच्या आधीचे आधार, पार, भार हे काफिये. त्यांतला न बदलणारा ‘आ’ स्वर ही अलामत. पुढच्या शेरांत रदीफ आणि काफिया फक्त दुसऱ्या ओळीत येतात. ‘वीर होता’ असा काफिया घेतला तर र जुळतो पण अलामत तुटते. नवख्या गझलांत सर्वाधिक सापडणारा दोष हाच. मतल्यात ‘आधार’ आणि ‘उद्धार’ असे काफिये घेतले तर ‘धार’ दोन्हींत येतो, आणि मग पुढचा प्रत्येक काफिया ‘धार’नेच संपायला हवा अशी अपेक्षा तयार होते. मतला लिहितानाच हे पाहून घ्यावं; नंतर ‘पार’, ‘भार’ आणता येत नाहीत.