रील टाकण्यापूर्वी या कायदेशीर चुका टाळा

नागपुरात वकिली करताना अलीकडे माझ्याकडे रील आणि यूट्यूब व्हिडिओ करणारे तरुण मोठ्या संख्येने येतात. खेद याचा वाटतो की त्यांतील बहुतेक जण काम स्वीकारण्यापूर्वी येत नाहीत. पैसे अडकल्यावर किंवा नोटीस हाती पडल्यावर येतात. चुकाही त्याच त्या असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फोनवर होकार देऊन कॅमेरा सुरू करणे. धरमपेठेतील एका तरुणीने इतवारीतील एका साडी दुकानासाठी दिवाळीच्या तोंडावर काही रील केल्या. व्यवहार बोलण्यात ठरला, रक्कम यूपीआयने आली आणि विषय तिथेच संपला असे तिने गृहीत धरले. उन्हाळ्यात दुकानाची दुसरी शाखा निघाली, तेव्हा त्याच चित्रीकरणाचे तुकडे नव्या जाहिरातीत आणि सीताबर्डीतील एका डिजिटल फलकावर दिसू लागले. ‘व्हिडिओ मी केला, मग हक्क माझाच ना?’ असे विचारत ती माझ्याकडे आली. मी तिच्यापुढे कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम १७ उघडून ठेवले. एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र किंवा चित्रफीत केली असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर तिचा पहिला मालक काम सांगणारा असतो, असे ते कलम म्हणते. आणि रील ही कायद्याच्या व्याख्येत चित्रफीतच आहे. दुकानदार समंजस होता म्हणून तिला वाढीव मोबदला मिळाला, परंतु कायद्याच्या बळावर तो मागण्यासाठी तिच्या हाती एकही कागद नव्हता.

माझ्या अशिलांना मी एकच सवय लावतो. चित्रीकरणाच्या आधी समोरच्याला पाच-सात ओळींचा ईमेल पाठवायचा: रक्कम किती, कोणत्या तारखेला, किती वेळा बदल करून देणार, व्हिडिओ कुठे आणि किती महिने वापरता येईल, आणि कॉपीराइट माझ्याकडे राहील. त्यावर ‘मान्य’ असे उत्तर आल्याशिवाय ट्रायपॉड उघडायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मुळे, केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, त्यामुळे स्टॅम्प पेपर नसल्याची सबब सांगू नये. उलट बाजूने कंपनी स्वतःचा मसुदा पाठवते तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधी शोधावेत. हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर कॉपीराइट कायद्याचे कलम १९ ती पाच वर्षे धरते आणि क्षेत्र नमूद नसेल तर भारतापुरते धरते. मात्र हे दोन शब्द लिहून खाली सही केली की ते संरक्षण आपण आपल्या हाताने सोडलेले असते. ज्याला दोन पाने वाचण्याइतका धीर नाही, त्याने व्यावसायिक काम घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक गाण्यांची. पंधरा किंवा तीस सेकंदांपर्यंत कोणतेही गाणे चालते, हा समज कुठून पसरला कोण जाणे, पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी सेकंदांची कोणतीही सूट नाही. मूळ गायकाचे नाव लिहिल्याने सौजन्य दिसते, परवानगी मिळत नाही. इन्स्टाग्रामच्या संग्रहातील लोकप्रिय गाणी वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी असतात. एखाद्या सावजी भोजनालयाकडून पैसे घेऊन केलेल्या रीलखाली तेच गाणे लावले की ती जाहिरात होते आणि संगीत कंपनीची नोटीस दुकानदार व क्रिएटर अशा दोघांनाही येऊ शकते. हे हलक्यात घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यावसायिक वापराचा परवाना असलेलेच संगीत घ्यावे आणि परवान्याची प्रत त्या व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवावी.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून उघड न सांगणे ही तिसरी चूक. मराठी व्हिडिओत ‘ही जाहिरात आहे’ ही गोष्ट मराठीतच, बोलून आणि पडद्यावर अशी दोन्ही प्रकारे सांगावी. हॅशटॅगच्या गर्दीत दडवू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एकाच कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, लागतो. वस्तू परत केली असेल तर पोचपावती जपून ठेवावी. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी नसताना कोणते शेअर घ्यावेत ते सांगू नये. ड्रोन उडवण्यापूर्वी ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर ती जागा तपासावी, कारण या शहरात विमानतळही आहे आणि वायुदलाचा तळही. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाचे नाव, चेहरा, शाळा किंवा घर कितीही चांगल्या हेतूने दाखवू नये. पोक्सो कायद्याच्या कलम २३ खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे.

यूट्यूबवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून मिळणारी ताकीद, आली की अनेक जण रागाच्या भरात त्याच रात्री ती तक्रार चुकीची असल्याची प्रतिनोटीस पाठवतात. तसे करू नये. त्या नोटिशीतून आपले नाव आणि संपर्काचा तपशील तक्रारदारापर्यंत पोहोचतो, आणि त्यातील विधान खोटे निघाल्यास त्याचे परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात. आधी तक्रारीचे स्क्रीनशॉट घ्यावेत, व्हिडिओची मूळ फाइल आणि कंपनीशी झालेले सर्व ईमेल एकत्र करावेत, आणि ते घेऊन वकिलाकडे जावे. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास संपूर्ण चॅनेल बंद होऊ शकते, म्हणून प्रकरण मिटेपर्यंत ज्यांच्या हक्कांबद्दल शंका आहे असे जुने व्हिडिओ खाजगी करून ठेवावेत.