आजोबांचं आयुष्य लिहून ठेवायचं असंल तर

सन विचारू नका, कुणालाच आठवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होता, सुकडी (दुष्काळात वाटलेलं खाणं) खाल्ली का, 1993 ला गणपती विसर्जनाच्या रात्री किल्लारीचा भूकंप झाला तवा कुठं झोपला होता, असं विचारा म्हणजे आपोआप सगळं निघतं.

सुतारकीचं विचारताना वाकस (लाकूड तासायचं हत्यार) हातात द्या, मग तिफणीला (पेरणीच्या अवजाराला) बाभूळच का, बलुतं (कामाच्या बदल्यात धान्य) किती पायल्या मिळायचं, हे हातच सांगतात, मोबाईलवर व्हिडिओच करा.

फौजेतलं मात्र हळू विचारा. आमचे आजोबा 1971 च्या लढाईवर लई वेळ गप्प बसायचे, तिथं घाई करू नका. डिस्चार्ज बुक, पदकं यांचे फोटो आधी काढा, कागद वाळवी खाते. शेताचं बांधावर बसूनच.