सबव्हर्जनचा जुना डंप लोड होत नसेल तर

सबव्हर्जन म्हणजे फाईलींच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर, आणि डंप म्हणजे त्याच्या साठ्याची एका फाईलीत काढलेली नक्कल. कुपवाड एमआयडीसीतले सीएनसी प्रोग्रॅम असोत की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद पेढीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर, जुना डंप परत बसवायची रीत एकच. नवी रिकामी रिपॉझिटरी (म्हणजे सबव्हर्जनचा साठा) तयार करा आणि त्यात ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन लोड’ ही कमांड चालवा. मूळ फाईलला हात लावू नका, कॉपीवर काम करा.

सुरुवातीलाच ‘ई140001’ हा एरर आला, तर डंपच बिघडलेला आहे. अशा वेळी सबव्हर्जन पुन्हा इन्स्टॉल करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, दिवस फुकट जाईल. हेक्स एडिटरमध्ये (फाईलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिले दोन बाइट पाहा. ‘एफएफ एफई’ दिसले, तर तो डंप बहुतेक पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) ‘>’ हे आउटपुट फाईलीत वळवणारं चिन्ह वापरून घेतलेला आहे. पॉवरशेल 5.1 कमांडचं आउटपुट साधा मजकूर समजून वाचते आणि यूटीएफ-16 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) लिहिते. फाईल जवळपास दुप्पट फुगते आणि आत नोंदलेल्या लांब्या जुळत नाहीत. एन्कोडिंग उलटं फिरवलं की काम होतं, हा सल्ला घातक आहे. मजकूर वाचता येतो, पण ड्रॉइंग आणि फोटोंचे बाइट आधीच बदललेले असतात. ते परत येत नाहीत. जुनी रिपॉझिटरी कुठल्याही डिस्कवर शाबूत असेल तर नवा डंप घ्या: 1.10 किंवा पुढच्या आवृत्तीत ‘--फाईल’ पर्यायाने, नाहीतर साध्या कमांड प्रॉम्प्टमधून. नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलेला डंपही असाच वाया जातो.

‘ई125005’ त्या मानाने सोपा. जुन्या कमिट संदेशांत (बदल नोंदवताना लिहिलेल्या टिपांत) विंडोजच्या ओळी-शेवटाची चिन्हं राहिलेली असतात. 1.10 पासून ‘--नॉर्मलाइझ-प्रॉप्स’ आहे, तेच वापरा. ‘--बायपास-प्रॉप-व्हॅलिडेशन’ने लोड पुढे सरकतो खरा, पण चूक तशीच आत जाते आणि पुढे मिरर करताना, म्हणजे रिपॉझिटरीची दुसरीकडे जोडप्रत ठेवताना, आडवी येते.

लोड मध्येच थांबला, तर त्याच रिपॉझिटरीत पहिल्यापासून पुन्हा चालवू नका. आधीच्या रिव्हिजन (क्रमांक दिलेले बदल) आत राहिलेल्या असतात, म्हणून ‘फाईल आधीच आहे’ असा ‘ई160020’ येतो. अर्धवट रिपॉझिटरी पुसा, नवी करा.

शेवटी तपासणीसाठी ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय’ चालवा आणि शेवटचा रिव्हिजन क्रमांक जुन्या रिपॉझिटरीशी जुळवा. हूक्स (कमिट होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि ‘कॉन्फ’ फोल्डर, म्हणजे पासवर्ड आणि परवानग्या, डंपमध्ये नसतात. त्यांची प्रत वेगळी ठेवा आणि ती डंपसोबत गावाबाहेरही असू द्या. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं.