कोळंबीच्या ब्लॉकचे कोपरे शिजत होते, त्यावरचा उपाय

कोकणातील एका मासळी-प्रक्रिया कारखान्यासाठी गोठवलेल्या कोळंबीचे ब्लॉक रेडिओ लहरींच्या ऊर्जेने वितळवणारे (रेडिओ फ्रिक्वेन्सी) यंत्र तयार करताना ब्लॉकचे कोपरे गुलाबी पडून शिजू लागत आणि मध्यभागी मात्र तापमापकाची सुईसुद्धा शिरत नसे. बर्फ रेडिओ लहरींची ऊर्जा फार थोडी शोषतो, तर खारट पाणी पुष्कळ शोषते; त्यामुळे जो भाग आधी वितळतो तोच पुढे अधिकाधिक तापत जातो. २४५० मेगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची तरंगलांबी हवेत जेमतेम १२ सेंटिमीटर असते, आमच्या २७.१२ मेगाहर्ट्झला ती सुमारे ११ मीटर असल्याने ऊर्जा ब्लॉकमध्ये खोलवर पोहोचते, पण विद्युतक्षेत्र कडांपाशी एकवटते ही अडचण उरतेच.

म्हणून ब्लॉकच्या चारही बाजूंना, त्याच्याच उंचीच्या, स्वतः न तापणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या अगदी चिकटवून बसवल्या. हे प्लॅस्टिक निवडताना त्याची विद्युतशीलता (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप) गोठलेल्या कोळंबीच्या जवळपास असेल हे पाहिले, जेणेकरून क्षेत्राचे वाकणे ब्लॉकच्या कडेऐवजी पट्टीच्या बाहेरच्या कडेवर जावे. कोपऱ्यांचा रंग पालटणे तेथेच थांबले. इलेक्ट्रोडमधील, म्हणजे विद्युतक्षेत्र निर्माण करणाऱ्या धातूच्या पाट्यांमधील, अंतरही वाढवले. त्याने क्षेत्र सौम्य होऊन वेळ अधिक लागतो, पण माझ्या मते माल वाया जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

यंत्र पूर्ण वितळण्यापर्यंत चालवूच नये. उणे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास बराच बर्फ शिल्लक असतो, तरी सुरी सहज चालते. तेथे थांबून उरलेले वितळणे शीतकक्षात होऊ द्यावे.