देणगी मागण्याची ती पाच मिनिटं

निधिसंकलनाच्या कार्यक्रमात देणगी कमी जमली की लोकांनी हात आखडता घेतला, असं म्हटलं जातं. पण बहुतेक वेळा लोकांकडे नेमकं काही मागितलेलंच नसतं. "आपण यथाशक्ती मदत करावी" एवढं बोलून माईक खाली ठेवला, की किती द्यायचं, कशासाठी आणि कधी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. तो टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

खरं काम तीन-चार आठवडे आधी सुरू होतं. उद्दिष्टाचे शंभर भाग करा आणि ते कुठून येतील हे कागदावर मांडा. एक देणगी वीस भागांची, दोन प्रत्येकी दहाच्या, चार पाचाच्या, दहा दोनाच्या आणि उरलेले वीस भाग छोट्या देणग्यांतून. आता निमंत्रितांच्या यादीत या सतरा देणग्या देऊ शकतील अशी माणसं आहेत का ते पाहा. मोजताना माणसं मोजू नका, घरं मोजा, कारण जोडपं सहसा एकच देणगी देतं. यादीत तेवढी घरं नसतील तर उद्दिष्ट खाली आणा किंवा यादी वाढवा. कार्यक्रमात सर्वात मोठ्या रकमेपासून खाली येत एकेक रक्कम पुकारायची असते आणि ती देणाऱ्याने हात वर करायचा असतो. म्हणून सर्वात वरची देणगी देणाऱ्याला आधी प्रत्यक्ष भेटून त्याचा होकार घ्या आणि सभागृहात पहिला हात तुम्हीच वर कराल का, हेही विचारून ठेवा. पहिल्याच रकमेला एकही हात वर आला नाही, तर पुढच्या प्रत्येक रकमेला लोक एकमेकांकडे बघत बसतात.

प्रत्येक रकमेला कामाची जोड द्या: एवढ्यात एका मुलाचा वर्षाचा शाळेचा खर्च, तेवढ्यात एका रुग्णाचे महिनाभराचे उपचार. मात्र 'या रकमेतून हेच होईल' असा शब्द दिलात, तर पैसा तिथेच खर्च करावा लागेल. तशी तयारी नसेल तर 'अशा कामांसाठी' म्हणा.

आवाहनाची वेळ चुकली की बाकी सगळं वाया जातं. मुख्य जेवण होत आलेलं असावं, गोड वाढायचं राहिलेलं असावं. आभारप्रदर्शनानंतर मागायला गेलात तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. त्या पाच मिनिटांत वाढपी थांबलेले हवेत आणि सभागृहातले दिवे लागलेले हवेत. अंधारात वर आलेले हात नोंदवणाऱ्यांना दिसत नाहीत, आणि न नोंदवलेली देणगी बहुधा हातची जाते.

आधी एकाच माणसाची गोष्ट सांगा, दोन-तीन मिनिटांत आणि त्याच्या संमतीने. आकडेवारी छापील पत्रकात राहू द्या. गोष्ट संपताच, मध्ये गाणं किंवा सत्कार न घुसवता, आवाहन करा. ते करणाऱ्याने स्वतः देणगी दिलेली असावी, नाहीतर आवाजात जोर येत नाही. "तुम्हाला त्रास देतोय, माफ करा" हे वाक्य कधीही नको. सरळ म्हणा, "वीस मुलांचा वर्षाचा खर्च उचलणारं कोणी आहे का? कृपया हात वर करा." मग गप्प राहा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता बोलणाऱ्याला असह्य होते आणि तो घाईने खालच्या रकमेवर उतरतो. सर्वाधिक नुकसान इथेच होतं, म्हणून या शांततेची तालीम मोठ्याने, घड्याळ लावून करा. हात वर केलेल्या प्रत्येकाचे आभार माना आणि मगच खालच्या रकमेवर या. शेवटी कितीही छोट्या रकमेसाठी हात वर करायला सांगा, म्हणजे कोणी बाहेर राहत नाही. हात नोंदवायला दोघं हवेत, दोघांच्या याद्या वेगळ्या, मागाहून ताडून पाहिलेल्या.

कोणी 'जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच भर मी घालतो' म्हणत असेल तर ते अवश्य जाहीर करा. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग टपालाने केलेल्या आवाहनाचा होता. त्यात अशा जोडदेणगीमुळे देणाऱ्यांची संख्या आणि रक्कम दोन्ही वाढली, पण एकास एकऐवजी एकास दोन किंवा तीन भर दिल्याने आणखी फायदा झाला नाही. म्हणून मोठ्या पटीच्या मागे लागू नका. आणि ही भर खरी असू द्या. पैसे तसेही मिळणारच होते हे उघड झालं, तर विश्वास जातो.

टेबलावर देणगीपत्रं आणि चालणारी पेनं माणसागणिक ठेवा. क्यूआर कोड ठेवत असाल तर भरलेल्या सभागृहात मोबाइलचं नेटवर्क टिकतं का ते आधी तपासा. कागद तरीही हवाच. दर टेबलाला एक ओळखीचा कार्यकर्ता नेमा आणि पत्रं तिथल्या तिथे गोळा करा. 'घरी जाऊन भरतो' म्हणून नेलेलं पत्र क्वचितच परत येतं.

दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला नावानिशी आभार आणि पावती पोचवा. कबूल केलेली रक्कम बाकी असेल तर त्याच पत्रात तारीख विचारा. ज्यांनी हात वर केला नाही त्यांनाही आठवड्याभरात फोन करा. चारचौघांत रक्कम जाहीर करायला संकोचणारे बरेच जण या फोनवर देणगी देतात.