मासे लाल पडताहेत? औषधाची बाटली नंतर, आधी पाणी तपासा

दिवाळी उरकली की शोभिवंत माशांच्या शेडमधून एक तक्रार हमखास येते: गोल्डफिश, कोई लाल पडायला लागलेत, कुठलं औषध टाकू? कारण बहुतेक वेळा मागच्या पंधरवड्यात सापडतं. घरची मंडळी सणाला गावी गेलेली, टाक्या गड्याच्या हवाली. मासे उपाशी राहू नयेत म्हणून तो बिचारा दोन मुठी जास्तच टाकतो. त्यातच रात्री गारठा सुरू झालेला. थंड पाण्यात मासा कमी खातो, त्याचं पचनही मंदावतं आणि फिल्टरमधले अमोनिया (विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून पाण्यात येणारं विष) संपवणारे जिवाणूही सुस्तावतात. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि अमोनिया चढतो.

म्हणून लाली दिसली की पहिला प्रश्न हा: किती मासे, आणि किती वेळात? काल संध्याकाळी ठीक असलेली अख्खी टाकी सकाळी बिघडलेली दिसली, मासे वर येऊन तोंड मारताहेत, कल्ले सुजून लालभडक झालेत, तर संशय पाण्यावर घ्या. आधी एक-दोन मासे आणि मग चार-सहा दिवसांत बाकीचे, असा क्रम असेल तर रोग. अंगावर एकच ठसठशीत लाल ठिपका असेल आणि मासा टाकीच्या भिंतीला अंग घासत असेल, तर परजीवी.

पाण्यासाठी अमोनिया, नायट्राइट (अमोनियापासूनच बनणारं दुसरं विष) आणि पीएच (पाण्याची आम्लता-क्षारता) मोजणारं किट शेडमध्ये हवंच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. त्याहून वर जे दिसेल ते पीएचसोबत वाचा. एकूण अमोनिया तेवढाच असला तरी पीएच ७ वरून ८ झाला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. पाणी खराब दिसलं की चुन्याची निवळी ओतायची आपल्याकडे सवय आहे. चुन्याने पीएच वाढतो, म्हणून अमोनिया चढलेला असताना तो टाकणं म्हणजे माशांना स्वतःच्या हाताने विष देणं. चुना रिकाम्या तळ्यासाठी ठेवा.

अशा वेळी दोन दिवस खाद्य बंद, एरेटर (हवेचा पंप) पूर्ण जोरात, तळाचा गाळ सायफनने बाहेर आणि रोज साधारण ३० टक्के पाणी बदल. नवं पाणी थेट बोअरचं नको. हिवाळ्यात पहाटे बोअरचं पाणी टाकीतल्यापेक्षा कोमट असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. आदल्या रात्री दुसऱ्या टाकीत भरून हवा मारून ठेवा. नळाच्या किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या विहिरीच्या पाण्यालाही हाच नियम, क्लोरीन उडून जातो. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. कल्ले लाल नसून चॉकलेटी दिसत असतील तर नायट्राइट चढलंय. तिथे खड्याचं मीठ खरोखर कामाला येतं.

मिठाचं माप हातावर घेऊ नका. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटात मोजा, गुणाकाराला २८ ने गुणा, लिटर मिळतात. ८ बाय ४ ची टाकी, पाणी २ फूट: सुमारे १,८०० लिटर. लिटरला ३ ग्रॅम धरले तर ५.४ किलो मीठ. बादलीत विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत सोडा. गोल्डफिश, कोई, मॉली हे सहन करतात. कॉरिडोरास, लोच हे मासे किंवा पाणवनस्पती असलेल्या टाकीत हे माप चालणार नाही.

परजीवीसाठी मासा ओल्या हातजाळीत घेऊन भिंगाखाली बघा. चपटी, पारदर्शक, अंगावर सरकणारी चकती म्हणजे माशाची ऊ. लाल ठिपक्यातून बारीक दोरा लोंबत असेल, टोकाला दोन फाटे असतील, तर अँकर वर्म. तो चिमट्याने मुळापाशी धरून ओढायचा. पण एक ओढला म्हणजे काम झालं असं नाही. पाण्यात त्या किड्याची पिल्लं असतात आणि त्याच्या अंड्यांवर औषध चालत नाही, त्यामुळे उपचार पुन्हा करावा लागतो. पोटॅशियम परमँगनेट वापरणार असाल तर १,००० लिटरला २ ग्रॅम, वजनकाट्यावर तोलून. ‘चिमूटभर’ने बरीच कोई गेलेली आहेत. फॉर्मॅलिनसोबत तर ते कधीही नाही. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर ते रक्त नव्हे, कॅमलॅनस नावाचे कृमी. तिथे मीठ उपयोगाचं नाही, पशुवैद्यकाकडून जंतनाशक घ्या.

परांच्या मुळाशी, पोटावर, शेपटीत लाल रेषा, मासा कोपऱ्यात पर मिटून बसलेला, पुढे जखमा: हा जिवाणूंचा रक्तस्रावी संसर्ग, बहुधा एरोमोनास. मासा वेगळ्या टबात काढा, त्याची जाळी आणि बादलीही वेगळी. दुकानातून अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून टाकीत फोडणं हा सगळ्यात महागडा उपाय. फिल्टरचे जिवाणू मरतात, अमोनिया पुन्हा चढतो आणि रोगजंतू औषधाला सरावतात. औषध द्यायचंच तर पशुवैद्यकाने ठरवलेलं, खाद्यातून, मासा खात असतानाच. खवले उभे राहिलेला मासा सहसा वाचत नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही लागतात.

पांढऱ्या गोल्डफिशचे गाल गुलाबी दिसतात, कारण कल्ल्याचं झाकण पातळ असतं. नर माद्यांमागे लागल्यावर अंग खरचटतं. यातल्या कशालाही औषध नको.

दोन दिवसांत फरक पडला नाही तर नमुना पाठवा. रत्नागिरीजवळ शिरगावला, तसंच नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. जवळचं कृषी विज्ञान केंद्रही वाट दाखवेल. मेलेला मासा नेऊ नका, काही तासांत कुजतो आणि तपासणीत काही हाती लागत नाही. आजारी पण जिवंत दोन-तीन मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्या, सोबत टाकीचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत आणि आतापर्यंत काय-काय टाकलं त्याची यादी, मीठसुद्धा धरून.