टनेज घटलं? आधी फेसवरची मिनिटं मोजा

चिखल्याची मँगनीजची खदान असो की सावनेर भागातली कोळशाची, पाळीचं टनेज, म्हणजे टनांत मोजलेला माल, घटलं की पहिला संशय मशीनवर जातो. त्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. हाजरी, कॅपलॅम्प, उतरणं, फेसपर्यंतची (जिथे खोदकाम चालतं तिथवरची) चाल, ब्लास्टिंगनंतर धूर निघेपर्यंतचा वेळ, जेवण, परतीची वाट, सगळं लिहा. पाळीच्या ८ तासांतून हे वजा करा. उरलेली मिनिटं खरी कामाची. एसडीएल (माल भरणारं लोडर मशीन) केबलसाठी थांबलं की माणूस दमला म्हणून, तेही वेगळं नोंदवा.

उष्माही बरंच काम खातो. ओला पारा, म्हणजे ओल्या वातीच्या थर्मामीटरचा आकडा, पाहा; नुसत्या कोरड्याने काही कळत नाही. व्हर्लिंग हायग्रोमीटरची (हाताने फिरवायच्या दोन थर्मामीटरच्या साधनाची) वात स्वच्छ पाण्याने भिजवा, गँग जिथे राबते तिथेच मिनिटभर फिरवा आणि थांबवताच आधी ओला पारा वाचा. उशीर झाला की आकडा चढतो. तो ३०.५ अंशांवर गेला तर हवेचा वेग सेकंदाला किमान १ मीटर हवा. ३३.५ च्या वर काम नियमात बसत नाही. मोठा पंखा मागण्याआधी ब्रॅटिस (हवा वळवणारा पडदा) फाटलंय का, हवेचा डक्ट फेसच्या मागे राहिलाय का ते बघा.

उष्म्यात दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिली पाणी प्यायला हवं. कॅन दूर ठेवला तर कोणी उठून जात नाही, फेसजवळच ठेवा. एखाद्याचं बोलणं अडखळलं, पाय लटपटले, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजा: मोकळ्या हवेत आणा, अंग भिजवा, वारा घाला, लगेच वर कळवा.

रात्रपाळीचा थकवा घरूनच येतो. रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, माणूस दिवसभर बांधीत वाकलेला, मे महिन्यात टिनाखाली झोप नाही. रागावून तो जागा राहणार नाही. पहाटे ३ ते ५ मध्ये छत सैल आहे का ते ठोकून पाहणं, एलएचडी (माल उचलून नेणारं मशीन) चालवणं एकट्यावर सोपवू नका. जोडी लावा, आळीपाळीने बदला. रोवणीपुरती पाळी बदलून मागितली तर द्यावीच.

पाळी सोपवताना फेसवरच उभं राहून सांगा: छत कुठे पोकळ वाजलं, छत धरणारे किती बोल्ट बाकी, मिसफायर (न फुटलेला सुरुंग) राहिलाय का. ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवावं. गोंगाटात अर्धा निरोप हरवतो, आणि मिसफायरचा निरोप हरवला तर पुढचा ड्रिल त्याच भोकात जातो.

नुसत्या टनेजवर इनाम लावलं की बोल्टिंग मागे पडतं. बोल्ट मोजून झाल्याशिवाय त्या पाळीचं टनेज वहीत चढवू नका.